ॲट्रोपिनचे थेंब: बाटलीवरचा टक्का आधी वाचा

जून उजाडला की नव्या दप्तरांबरोबर चष्म्याच्या चिठ्ठ्याही घरात येतात. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून बाईंनी पोराला पुढच्या बाकावर बसवलं, मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, मायनस नंबर निघाला. इथपर्यंत आता कुणाला नवल वाटत नाही. पण अलीकडे चष्म्याच्या नंबराखाली आणखी एक ओळ लिहिलेली असते: रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, ॲट्रोपिन. आई-बाबा रिक्षातच मोबाइलवर हे नाव शोधतात आणि हबकतात. धोतऱ्याचं विष, बाहुली मोठी होणं, भ्रम होणं, असलं काय काय एकदम पुढ्यात येतं.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत औषधाच्या दुकानात मी काउंटरमागे उभी असते, त्यामुळे या गोंधळाचे सगळे प्रकार रोज कानावर येतात. मध्यंतरी एका ताईंनी माझ्यापुढे चिठ्ठी आणि घरातली एक जुनी बाटली शेजारी शेजारी ठेवली. "नाव एकच आहे की ओ. धाकट्याच्या तपासणीवेळची अर्धी उरलीय, तीच थोरलीला घातली तर चालंल न्हवं?" जुन्या बाटलीवर बारीक अक्षरांत १ टक्का छापलेलं होतं. चिठ्ठीत ०.०१ टक्का लिहिलं होतं. नाव तेच, पण ताकद शंभरपट. हा सगळा लेख खरं तर त्या छोट्या आकड्यासाठीच आहे.

डोळ्यात गेल्यावर हे औषध करतं काय

डोळ्यात दोन नाजूक स्नायू आहेत. एक बाहुली लहान करतो, म्हणजे उन्हात गेल्यावर आत येणारा उजेड कमी होतो. दुसरा डोळ्यातल्या भिंगाला जवळच्या वस्तूसाठी फुगीर करतो, म्हणून आपण पुस्तक वाचू शकतो, सुईत दोरा ओवू शकतो. या दोन्ही स्नायूंना मेंदूकडून येणारा 'आवळ' हा निरोप ॲट्रोपिन अडवतं. स्नायू सैल पडतात, बाहुली मोठी होते, जवळचं धूसर दिसतं आणि उजेड टोचतो. पडदा, नस, भिंग यांना काही इजा होत नाही. औषध उतरलं की स्नायू पुन्हा कामाला लागतात.

हे औषध मूळचं वनस्पतींतलं. युरोपातल्या बेलाडोना नावाच्या झुडपातून १८३० च्या दशकात जर्मनीत ते शुद्ध रूपात वेगळं काढलं गेलं. आपल्या बांधावर उगवणाऱ्या, महादेवाला वाहतात त्या धोतऱ्यातही ते असतं. तण काढताना धोतऱ्याचा रस हाताला लागला आणि त्याच हाताने डोळा चोळला, तर त्या एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन बसते. असा माणूस घाबरून दवाखान्यात येतो. डॉक्टरांनी 'शेतात काय उपटलंत?' हा एक प्रश्न विचारला की बऱ्याचदा उलगडा होतो.

टक्क्याचा हिशेब

एक टक्का म्हणजे १ मिलिलिटर औषधात १० मिलिग्रॅम ॲट्रोपिन. एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब होतात, म्हणजे एका थेंबात सुमारे अर्धा मिलिग्रॅम. आपल्याकडे दवाखान्यात ॲट्रोपिनच्या इंजेक्शनची जी नेहमीची छोटी कुपी असते, तिच्यात ०.६ मिलिग्रॅम असतं. एक टक्क्याचा एक थेंब इंजेक्शनच्या कुपीच्या जवळपास जातो, हे ऐकून लोक चमकतात. चमकलेलंच बरं. थेंबातलं सगळं औषध काही रक्तात उतरत नाही, तरी 'डोळ्यातलंच तर औषध आहे, त्याने काय होतंय' हा समज इथेच सोडून द्यायला हवा.

आता दुसरी बाजू बघा. ०.०१ टक्क्याच्या एका थेंबात ०.००५ मिलिग्रॅम असतं. या ताकदीची ५ मिलिलिटरची अख्खी बाटली रिकामी केली, तर तिच्यात एक टक्क्याच्या एका थेंबाएवढं औषध भरेल. मोबाइलवर वाचून ज्या गोष्टींची धास्ती वाटते त्या बहुतेक जास्त ताकदीच्या औषधाच्या आहेत, आणि नंबरासाठी रोज घालायचं औषध बहुतेक वेळा कमी ताकदीचं असतं. दोन्हीकडे नाव एकच छापलेलं असल्यामुळे एकाची भीती दुसऱ्याला चिकटते. त्याहून वाईट म्हणजे, एकाचा निर्धास्तपणाही दुसऱ्याला चिकटतो.

एक टक्का कशासाठी वापरतात

पहिलं काम लहान मुलांचा खरा नंबर काढण्याचं. मुलांचा भिंगाचा स्नायू फार जोरकस असतो. मशिनीत बघताना मूल नकळत तो आवळतं, आणि प्लस नंबर असला तरी तो लपून राहतो. शाहू मार्केट यार्डात गुळाची ढेप काट्यावर ठेवली आणि कुणी पारड्यावर बोट टेकवून उभं राहिलं, तर वजन खरं येईल का? ॲट्रोपिन ते बोट उचलून बाजूला करतं. म्हणूनच मूल अगदी लहान असेल किंवा डोळा आत नाकाकडे वळत असेल, तर डॉक्टर तपासणीआधी साधारण तीन दिवस घरी औषध घालायला सांगतात. बाळांसाठी पुष्कळदा थेंबांऐवजी मलम देतात, कारण मलम घशात आणि रक्तात कमी उतरतं. घरचे मात्र दुसऱ्या दिवशी बाहुली मोठी दिसली की 'झाला परिणाम' म्हणून थांबतात. तसं करू नका. बाहुली लवकर मोठी होते, भिंगाचा स्नायू पुरता सैल पडायला वेळ लागतो.

दुसरं काम आळशी डोळ्याचं. एका डोळ्याला नंबर जास्त असला किंवा तो तिरळा असला की मेंदू त्याच्याकडून येणारं चित्र बाजूला टाकायला लागतो. डोळा वरून चांगला दिसतो, पण दृष्टी वाढत नाही. नेहमीचा उपाय म्हणजे चांगल्या डोळ्यावर पट्टी. पण पाच वर्षांचं पोरगं पट्टी ठेवतंय कशाला? अशा वेळी चांगल्या डोळ्यात एक टक्क्याचा थेंब घालतात, म्हणजे त्याला जवळचं धूसर दिसतं आणि आळशी डोळ्याला कामाला लागावं लागतं. 'चांगल्या डोळ्यात औषध घालायचं? चिठ्ठीत चूक झालीय' असं म्हणत आजी-आजोबा परत येतात. चूक नसते. २००२ साली अमेरिकेत तीन ते सात वर्षांच्या चारशेहून अधिक मुलांवरच्या चाचणीचे निकाल आले. सहा महिन्यांनंतर पट्टी आणि थेंब यांचा फायदा जवळपास सारखाच होता. पुढे असंही दिसलं की अशा मुलांना फक्त शनिवार-रविवारी थेंब घातले तरी रोज घातल्याइतकाच गुण येतो. कुणाला रोज आणि कुणाला आठवड्यातून दोनदा, हे अर्थात डॉक्टरांनी ठरवायचं.

तिसरं काम डोळ्याच्या आतल्या सुजेचं. डोळा लाल, उजेड सहन होत नाही, आत ठणका. या सुजेत बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटू लागते. ॲट्रोपिन बाहुली मोठी ठेवून चिकटू देत नाही आणि आवळलेला स्नायू सोडवून ठणका कमी करतं. हे औषध मोठ्या माणसांनाही देतात.

लाल डोळा म्हटला की आपल्याकडे एक घातक सवय आहे. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, तेव्हा एकाच्या घरातले थेंब गल्लीभर फिरताना मी पाहिले आहेत. साथीच्या लाल डोळ्यावर ॲट्रोपिनचा काही उपयोग नाही. आणि काचबिंदू असलेल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यात ते गेलं, तर काय होतं ते पुढे सांगते.

'तपासणीला बाहुली मोठी करायला घालतात ते हेच का?'

बहुतेक वेळा नाही. मोठ्या माणसाचा पडदा तपासायचा असेल तेव्हा साधारणपणे ट्रॉपिकामाइड घालतात, त्याचा असर काही तासांत उतरतो. शाळकरी मुलांच्या नंबरासाठी पुष्कळदा सायक्लोपेंटोलेट घालतात, ते साधारण एका दिवसात उतरतं. होमॅट्रोपिन एक ते तीन दिवस राहतं. एक टक्क्याच्या ॲट्रोपिनचा असर मात्र आठवडा ते दोन आठवडे टिकतो. म्हणून तिसरी-चौथीतल्या मुलाला परीक्षेच्या तोंडावर ॲट्रोपिन घालून तपासायचं ठरत असेल, तर डॉक्टरांना तारीख सांगा. वाचताना त्रास होणार हे नक्की आहे, आणि तपासणी तातडीची नसेल तर पुढे ढकलता येते.

नंबर वाढू नये म्हणून: पुरावा काय म्हणतो

मायनस नंबर म्हणजे बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा पुढून मागे लांब झालेला असतो. चित्र पडद्यावर पडण्याऐवजी अलीकडेच पडतं. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. एक मिलिमीटर जास्त वाढला की अडीच-तीन नंबर वाढतो. चष्मा चित्र पुन्हा पडद्यावर आणतो, लांबी कमी करत नाही. आणि खरी काळजी लांबीचीच आहे. नंबर मायनस ६ च्या पुढे गेला की ताणलेला पडदा सुटणं, काचबिंदू, पडद्याच्या मधल्या भागाची झीज यांचा धोका पुढच्या आयुष्यात वाढतो. 'नंबर वाढला तर काय झालं, जाड काच घालू' म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते.

लांबी वाढण्याचा वेग ॲट्रोपिन कमी करतं. ते नेमकं कसं, याबद्दल शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. स्नायू सैल पडण्यापेक्षा पडद्यावर आणि डोळ्याच्या पांढऱ्या कवचावर होणारा परिणाम त्यामागे असावा, असं मानलं जातं. सिंगापूरमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक टक्क्याने नंबर वाढायचा वेग चांगलाच घटला, पण मुलांना ऊन सहन होईना, वाचता येईना, आणि औषध थांबवल्यावर नंबर पुन्हा जोरात धावला. म्हणून त्याच लोकांनी ०.५, ०.१ आणि ०.०१ टक्के अशा कमी ताकदी घेऊन बघितल्या. थांबवल्यावरची उसळी ०.०१ ला सगळ्यात कमी होती आणि त्रासही जवळपास नव्हता. तिथून ०.०१ टक्का जगभर पसरला.

पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि हे पालकांना सांगितलं जात नाही याची मला खंत वाटते. हाँगकाँगमध्ये चार ते बारा वर्षांच्या ४३८ मुलांवर झालेल्या चाचणीचा पहिल्या वर्षाचा निकाल २०१९ मध्ये आला. ०.०५ टक्क्याने नंबर वाढायचा वेग ६७ टक्क्यांनी कमी झाला, ०.०२५ ने ४३ टक्क्यांनी आणि ०.०१ ने फक्त २७ टक्क्यांनी. डोळ्याच्या लांबीवर तर ०.०१ चा परिणाम आणखी तोकडा होता. भारतात झालेल्या एका चाचणीत ०.०१ टक्क्याने वर्षभरात नंबराची वाढ मंदावली, पण लांबीत ठोस फरक दिसला नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या चाचणीत ०.०१ टक्का आणि औषध नसलेले साधे थेंब यांत काहीच फरक निघाला नाही.

याचा अर्थ ०.०१ फुकट आहे असा नाही. मूल, वय, वंश, नंबराचा वेग यांप्रमाणे फरक पडतो. पण सहा महिने-वर्षभर ०.०१ घालूनही नंबर धावतोय असं दिसलं, तर 'औषध लागू पडत नाही' म्हणून सोडून देण्याआधी डॉक्टरांना विचारा: ताकद वाढवून बघायची का? ०.०५ टक्क्याचे थेंबही आपल्याकडे मिळतात. ताकद वाढली की बाहुली थोडी मोठी राहते, काही मुलांना उन्हात डोळे मिचकावावे लागतात. तो सौदा डॉक्टरांबरोबर बसून ठरवण्याचा आहे. घरात ठरवून एकाचे दोन थेंब करण्याचा तर मुळीच नाही.

'विषच ना हे? लेकराला रोज कसं घालू?'

विष आणि औषध यांतला फरक मात्रेचा, आणि ॲट्रोपिनच्या बाबतीत हे अक्षरशः खरं आहे. ऊस-सोयाबीनवर मारायच्या काही कीटकनाशकांची विषबाधा झाली की इथल्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात ॲट्रोपिनचीच इंजेक्शनं देऊन माणूस वाचवतात. शिरोळ-कागल भागातल्या शेतकरी घरांना हे नाव त्यामुळेच आधीपासून ओळखीचं आहे.

नंबरासाठीच्या कमी ताकदीच्या थेंबांनी होणारा त्रास बहुधा सौम्य असतो: ऊन टोचणं, जवळचं जरा धूसर दिसणं, कधी पापण्यांना ॲलर्जी होऊन खाज आणि लाली. टोपी घातली, रात्री झोपताना थेंब घातले की बऱ्याच मुलांचं भागतं. वाचताना खरोखर अडत असेल, तर तसं डॉक्टरांना सांगा.

एक टक्क्याची गोष्ट निराळी. औषध डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या बारीक नळीतून नाकात आणि तिथून थेट रक्तात जातं. मुलाचा चेहरा लालबुंद झाला, अंग तापलं पण घाम नाही, तोंड कोरडं पडलं, छाती धडधडते, लघवी अडली, मूल बेचैन झालं किंवा भलतंसलतं बडबडू लागलं, तर औषध जास्त झालं असं समजा. आपल्याकडे अशा वेळी 'ताप आलाय' म्हणून तापाचं औषध पाजतात आणि रात्री पुन्हा थेंब घालतात. पुढचा थेंब थांबवा आणि डॉक्टरांना लगेच फोन करा. मूल बडबडत असेल किंवा फार तळमळत असेल, तर फोनवर वेळ घालवू नका, दवाखाना गाठा.

थेंब घालायची रीत

हे मी काउंटरवर हातवारे करून दाखवते, इथे लिहून दाखवते. हात धुवा. मुलाला आडवं झोपवा. खालची पापणी बोटाने हलकी खाली ओढा, तिथे खिसा होतो, त्यात एकच थेंब टाका. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. मग डोळा मिटायला सांगा आणि नाकाच्या बाजूचा आतला कोपरा बोटाच्या टोकाने दोन मिनिटं दाबून ठेवा. दाबायचं ते नाकाच्या हाडालगत, बुबुळावर नाही. नाकाकडे जाणारी नळी तेवढ्या वेळात बंद राहते आणि अंगात उतरणारं औषध बरंच कमी होतं. गालावर ओघळलेलं पुसून घ्या. नंतर मुलाचे आणि तुमचे हात धुवा, कारण ते बोट तोंडात जातं, नाहीतर तुमच्याच डोळ्यात.

मूल रडत असेल तर थेंब अश्रूंबरोबर वाहून जातो, म्हणून आई दुसरा टाकते, मग तिसरा. एक टक्का असेल तर तसं करू नका. थेंब नक्की आत गेला की नाही हे कळलं नाही, तर त्या वेळेपुरतं सोडून द्या.

बाटली उघडली की तारीख लिहा. बहुतेक बाटल्या उघडल्यावर चार आठवड्यांत टाकून द्यायच्या असतात, लेबलवर ते दिलेलं असतं. आणि बाटली देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, फ्रिजच्या दारात, पोरांचा हात पोहोचेल तिथे ठेवू नका. ५ मिलिलिटरच्या एक टक्क्याच्या भरल्या बाटलीत ५० मिलिग्रॅम ॲट्रोपिन असतं. लहान मुलाने ती प्यायली तर जिवावर बेतू शकतं. तसं झालं तर मीठ-पाणी पाजून उलटी काढत बसू नका, बाटलीसकट दवाखाना गाठा.

कुणाच्या डोळ्यात जाता कामा नये

अरुंद कोनाचा काचबिंदू असलेल्या, किंवा तसा संशय असलेल्या माणसाच्या. बाहुली मोठी झाली की डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट बंद होऊन दाब एकदम चढतो. डोळा फुटेल असं दुखतं, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात, उलट्या होतात. ही तातडीची वेळ आहे, काही तासांतच दृष्टी जाऊ शकते. चाळिशी-पन्नाशीनंतर ज्यांना (नुसता वाचायचा नव्हे, तर लांबचाही) प्लस नंबर आहे त्यांच्यात हा धोका जास्त. नातवाचे थेंब आजीने 'डोळे चुरचुरतात' म्हणून घालू नयेत ते यासाठी.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना हे औषध जरा जास्तच लागू होतं, डॉक्टरांना आधी सांगा. अंगावर पाजणाऱ्या आईने आणि गरोदर बाईनेही सांगावं. आणि सुजेसाठी ॲट्रोपिन चालू असेल, तर मोठ्या माणसाने गाडी चालवू नये.

'चष्मा सुटेल का? किती वर्षं घालायचं?'

चष्मा सुटणार नाही. आलेला नंबर हे औषध उतरवत नाही, पुढची वाढ मंदावतं. चष्मा पूर्ण नंबराचाच लागतो. मुद्दाम कमी नंबराचा चष्मा दिला की नंबर थांबतो, हा समज अजून आहे, पण त्याने नंबर थांबत नाही. औषध साधारण दोन वर्षं तरी चालू ठेवतात आणि मग नंबर स्थिर झालाय का ते बघून हळूहळू कमी करतात. सुट्टीत मामाकडे बाटली न्यायची विसरलो, मग राहूनच गेलं, असं झालं की उसळीची शक्यता उरते. जास्त ताकदीच्या थेंबांबाबत तर हे नक्कीच पाळा.

थेंबांबरोबर मैदान

मायनस नंबर येऊच नये किंवा उशिरा यावा, यासाठी सगळ्यात स्वस्त उपाय मोकळ्यावरचा उजेड आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांत नव्याने मायनस नंबर आलेली मुलं त्या शाळांत सुमारे ३० टक्के होती, इतर शाळांत सुमारे ३९ टक्के. २०१५ चा हा निकाल आहे. एकदा नंबर आल्यावर मैदानाचा उपयोग कमी होतो, म्हणून वय लहान असतानाच हे करायचं.

कोल्हापुरात हे अवघड नसावं. पेठापेठांत फुटबॉल आहे, तालमी आहेत, रंकाळा आहे. तालमीच्या आतल्या मातीत मात्र उजेड कमीच असतो, त्यामुळे पैलवान पोरांनीही दिवसाउजेडी धावायला बाहेर पडावं. रोज दोन तास बाहेर असं डॉक्टर सांगतात. शाळा, शिकवणी, पुन्हा शिकवणी यांत ते बसत नाहीत, हे मला दिसतंय. शाळा सुटल्यावरचा तास तरी शिकवणीला देऊ नका, कारण पावसाळी ढगाळ दिवसालासुद्धा बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

दर सहा महिन्यांनी नंबर तपासून घ्या, जमल्यास डोळ्याची लांबीही मोजून घ्या, आणि जुन्या चिठ्ठ्या फाईलला लावून ठेवा. डॉक्टर बदलले तरी नंबर कोणत्या महिन्यात किती होता आणि तेव्हा कोणत्या ताकदीचे थेंब चालू होते, हे त्या कागदांवरून नव्या डॉक्टरांना लगेच कळतं.